मांडवाच्या खांबावरची चकती

कुंदाताईचं नाव काढलं की लोक एकच प्रश्न विचारतात. मग आता येतं का तिला ऐकू? विचारताना मान जरा तिरकी, आवाजात साखर. मला या प्रश्नाचा संताप येतो. हो म्हटलं तर लोकांना चमत्कार झाल्याचं समाधान मिळतं, नाही म्हटलं तर हळहळायला मिळतं. दोन्ही फुकटात. बाई कशी आहे, काय करते, कुणाशी भांडते, हे कुणालाच नको असतं. म्हणून लिहायला बसले.

कोपरच्या रिक्षास्टँडपलीकडच्या गल्लीत तिचं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका माणसाने बसावं आणि दुसऱ्याने उभं राहून वाट बघावी एवढी जागा. आत काळं लोखंडी मशीन, भिंतीला साड्यांच्या घड्या, आणि मशीनमागे कुंदाताई. उजव्या कानामागे शेंगेएवढं यंत्र, त्यातून निघालेली बोटभर वायर, वायरच्या टोकाला रुपयाएवढी चकती. चकती केसांखाली डोक्याला चिकटलेली असते, कारण कातडीखाली ऑपरेशन करून बसवलेला दुसरा भाग आहे आणि दोन्हींत लोहचुंबक. बाहेरचं यंत्र आवाज पकडतं, आतली बारीक तार तो थेट कानाच्या नसेला पोचवते. याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. कुंदाताई याला मशीन म्हणते, आणि शिलाईच्या मशीनला 'बया'.

तिची एक खोड सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. समोरचा माणूस तेच तेच बोलायला लागला, की ती शांतपणे कानामागचं यंत्र काढते आणि चकती जवळच्या लोखंडाला चिकटवून टाकते. बयेला, खिडकीच्या गजाला, शटरच्या पट्टीला. यंत्र खाली लोंबत राहतं आणि ती काम करत राहते. घासाघीस करणाऱ्या बायका बोलता बोलता थांबतात, कारण लटकणाऱ्या यंत्राशी किती वेळ बोलणार? स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांना चकती चिकटत नाही, म्हणून स्टीलवर तिचा राग आहे. "भांरी बिनकामाची," म्हणते.

भांड्यांना 'भांरी', काळ्याला 'काला', मला म्हणताना 'मना', घरात म्हणताना 'घरान'. ही तिच्या गावची जुनी आगरी बोली. गाव आता नावालाच गाव आहे. शेतं आणि मिठागरं गेली, तिथे बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि पोरं मुंबईची हिंदी-मराठी खिचडी बोलायला लागली. कुंदाताई बारा वर्षांची असताना मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कान गेले. त्यानंतर तीसेक वर्षं तिच्या कानावर ना टीव्ही पडला, ना शाळेतल्या बाई, ना बिल्डिंगीतले शेजारी. तिची जीभ होती तिथेच थांबली. गावात आता म्हाताऱ्यांच्याही तोंडात नाही अशी चोख बोली तिच्या तोंडात राहिली. लोक हसायचे. बहिरी, त्यात अडाणी बोलते म्हणायचे. आवाजही सपाट आणि मोठा, कारण स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला चढ-उतार कुठून येणार.

एकच व्यक्ती हसायची नाही. तिची आई, हिराबाय. हिराबाय धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मंत्रांआधी बायकांची लग्नगाणी, धवले, असतात. मुहूर्ताची हळद दळताना, उंबराची डहाळी आणताना, नवरीला तेल लावताना धवलारीण एक ओळ म्हणते आणि भोवतीच्या बायका तीच ओळ परत देतात. भट उशिरा आला तरी चालतो, धवलारणीशिवाय मांडव हलत नाही. कुंदाताई लहानपणी आईच्या मांडीला टेकून प्रत्येक लग्नात बसलेली. धवले तिला पाठ होते. पुढे कान गेले तरी ती आईच्या ओठांवरून ते वाचत राहिली, वर्षानुवर्षं, शब्द न् शब्द. तिला आयुष्यात हवं होतं ते एवढंच. आईनंतर धवलारणीच्या पाटावर आपण बसायचं. तिने हे मला सुरुवातीच्याच भेटींत सांगितलं, आणि भाऊ यावर काय म्हणतो तेही सांगितलं. "बहिरी धवलारीण? लोकं तोंडान शेन घालतील."

हा भाऊ वसंतदादा. वाईट माणूस नाही, पण लोक काय म्हणतील या एका गोष्टीवर त्याचं सगळं घर उभं आहे. वडील गेल्यावर खाडीकडच्या जमिनीचा व्यवहार निघाला. बहिणींकडून हक्क सोडल्याच्या सह्या घ्यायच्या ही आपल्याकडची जुनी, सभ्य चोरी. एजंट घरी आलेला. कुंदाताई चहाचा ट्रे घेऊन दाराशी पोचलेली, हे दोघे हॉलच्या दुसऱ्या टोकाला.

एजंट म्हणाला, "त्या बहिरीचं काय?"

दादा म्हणाला, "तिला सांगू बँकेचं काम आहे. करंल सही."

कुजबुजत बोलले बिचारे. आवाज लहान करून ओठ लहान होत नाहीत, हे ऐकू येणाऱ्या माणसांच्या लक्षात येत नाही. कुंदाताईने ट्रे टीपॉयवर ठेवला, दोघांच्या हातात कप दिले आणि तिच्या त्या मोठ्या सपाट आवाजात म्हणाली, "बँकेचं काम बँकेन करू."

सही केली नाही. वाटणी घेतली. वसंतदादाने वर्षभर अबोला धरला. बहिऱ्या बहिणीशी अबोला! हे सांगताना ती इतकी हसते की बया थांबवावी लागते.

त्याच वाटणीतून ऑपरेशन झालं. लहान मुलांसाठी योजना आहेत, मोठ्यांसाठी सल्ले आहेत. ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर तिला म्हणाले होते, "बाई, इतकी वर्षं ऐकलेलं नाही. फार अपेक्षा ठेवू नका." तिने ओठ वाचले आणि म्हणाली, "अपेक्षा माजी मी ठेवतंय. तुमी मशीन ठेवा."

ऑपरेशननंतर जखम भरली, आणि यंत्र चालू करायचा दिवस आला. हे मला तिच्या भाचीने, वसंतदादाच्या प्राचीने सांगितलं. हॉस्पिटलातल्या दोघी-तिघी मोबाइल काढून तयार. असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. यंत्र सुरू होतं, डोळे मोठे होतात, हुंदका, मिठी, वर पियानो. लोक ऑफिसात बसून रडतात आणि पुढे पाठवतात. कल्याणच्या कुठल्याही कचेरीत बहिऱ्या माणसाला पाटीवर नंबर लिहून दाखवा म्हटलं, तर हेच लोक घड्याळ बघतात.

कानाची तपासनीस म्हणाली, "कुंदाताई, माझा आवाज येतोय?"

कुंदाताईने कपाळाला आठ्या घातल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "पत्र्यावर कोंबरी चालतंय," म्हणाली.

तो व्हिडिओ कुणी पुढे पाठवला नाही.

खरं तेच होतं. आधी नुसती टिकटिक आणि शिट्ट्या. मग सगळी माणसं टोपात सापडलेल्या उंदरांसारखी. यंत्र देतं ते ऐकणं नव्हे. तो कच्चा माल असतो, त्याचं ऐकणं डोक्याने बनवायचं असतं आणि त्याला महिने लागतात. हे कुठल्याच व्हिडिओत नसतं. पण महिन्याभरात बया तिला ऐकू आली, आणि तिला धक्काच बसला. "येवरी ओरडतंय ही? आनी मी दुपारची चालवायची? शेजारी झोपत कसे होते?" ती खरोखर डावी-उजवीकडच्या दुकानांत जाऊन आली. डावीकडचा चावीवाला म्हणाला, "ताई, सवय झाली." तिने दुपारची विश्रांती तेव्हापासून पाळली.

याच दिवसांत माझी तिची गाठ पडली. आमचा कर्णबधिर मोठ्या माणसांचा आणि त्यांच्या घरच्यांचा एक छोटा गट आहे. कार्यालयांत, दवाखान्यांत नावं नुसती ओरडू नका, लिहून दाखवा, ही आमची मागणी. माझ्या मोठ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून मी त्यात. पत्रकं लिहिण्याचं काम माझं. विठ्ठलवाडीहून मी कोपरला गेलेले ते तिचा फोटो मागायला. मसुदा घेऊनच गेले. वर मोठ्या अक्षरांत मथळा होता, 'अंधारातून प्रकाशाकडे'.

तिने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मी कनच्या अंधारान होती गो? मना दिसत नव्हतं का?"

मी काहीतरी बोलायला लागले. ते रूपक आहे वगैरे. तिने यंत्र काढलं, चकती बयेला चिकटवली आणि माझ्याच पत्रकाच्या मागे साड्यांचा हिशोब मांडला. तेव्हापासून मी तिची 'पत्रकवाली'. आमच्या पत्रकांतून अंधार, प्रकाश, मौनाच्या भिंती आणि दैवी देणगी हे शब्द कायमचे गेले. फोटो तिने दिला, पण हसरा नाही. दातात सुई धरलेला.

ती आमच्याबरोबर एकदाच कचेरीत आली, आणि एकदाच पुरलं. आत सवाशे माणसं, डोक्यावर पंखे गरगरणारे, आणि खिडकीतला कारकून नावं पुकारतोय. गोंगाटात यंत्राचा चिखल होतो, सगळे आवाज एकात एक कालवले जातात. ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, माझा नंबर आला की लिहून दाखवा.

कारकून म्हणाला, "आता मशीन लावलंय ना कानाला? मग येतं की ऐकायला."

हा नवा अन्याय बघा. कान नव्हता तेव्हा बिचारी होती, यंत्र आल्यावर नाटकी झाली. मी भाषण ठोकायला तोंड उघडणार, एवढ्यात कुंदाताई आत गेली. खिडकीच्या नव्हे, दाराच्या बाजूने. कारकुनाच्या पाठीमागचं लोखंडी कपाट बघितलं, यंत्र काढलं, चकती कपाटाला चिकटवली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"आता ल्हिवा," म्हणाली.

रांगेतले लोक हसायला लागले. कारकुनाने खालून खडू काढला. त्या कचेरीत फळा आधीपासूनच होता, गेल्या कुठल्या तरी समारंभाचं स्वागत त्यावर तसंच होतं. ते पुसून त्याने नंबर लिहिले. तो फळा आजही चालू आहे. आमची निवेदनं त्याच कपाटात असतील.

पण मला सांगायचंय ते दुपारचं. दुकानाची विश्रांती असते त्या वेळी ती घरी जाऊन आईसमोर बसायची. तपासनिसांनी सराव सांगितला होता, कुणीतरी तोंड झाकून बोलायचं आणि हिने ओठ न बघता ओळखायचं. त्यांनी शब्दांचे तक्ते दिलेले, आंबा, पाणी, टेबल. कुंदाताईने ते बाजूला ठेवले. आईला म्हणाली, धवला म्हण. शब्द पाठच आहेत, मग कुठल्या आवाजाला कुठला शब्द ते मी जुळवते.

हिराबायला दमा. ओळ म्हणायची, थांबायची, श्वास घ्यायची. तोंडावर पदर धरायला तिला मुळीच आवडायचं नाही. ज्या लेकीशी तीस वर्षं तोंड दाखवूनच बोलली, तिच्यापासून आता तोंड लपवायचं? "येरीच हाय ही," वेडीच आहे ही, असं पुटपुटायची आणि पदर धरायची. कुंदाताई डोळे मिटून बसायची. पहिले काही आठवडे ओळ संपली की मान हलवायची. "ही आय नाय." शब्द कळायला लागले होते, पण तिला आठवणारा आईचा आवाज तो नव्हता. पदराआडून कुणी परकी बाई बोलत होती. हिराबायचा चेहरा उतरायचा. पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पदर धरायची.

मग एका दुपारी मी पत्रकाचे गठ्ठे पोचवायला गेले, तर दोघी ओट्यावर आणि कुंदाताई पदराआडच्या ओळीबरोबर स्वतःही ओठ हलवतेय. ओळ संपली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि जेवण झालं सांगावं तसं सांगितलं, "आज आय आयली."

हिराबायने पदर काढला. नाक पुसलं. "चल, फुरची ओल," म्हणाली आणि पुढची ओळ धरली.

प्राचीचं लग्न ठरलं तेव्हा या सरावाला दीड वर्ष होऊन गेलेलं. हिराबायला आता दोन ओळीही सलग निघत नव्हत्या. गावात दुसरी धवलारीण उरली नव्हती. वसंतदादाने मार्ग काढला, धवले रेकॉर्ड केलेले मिळतात, पेन ड्राइव्ह लावू. हळदीला डीजे आहेच, त्यालाच सांगू.

कुंदाताई म्हणाली, "मी म्हननार."

दादा म्हणाला, "अगं, पाव्हण्यांची माणसं येतात. चारशे लोकं. तुझा आवाज..." आणि थांबला.

"माजा आवाज कसा हाय?"

दादाने बायकोकडे बघितलं. वहिनीने मधे पडून सुचवलं, आधी एकदा बायकांना म्हणून दाखवा, मग ठरवू. परीक्षाच ती. जिने तीस वर्षं शब्द सांभाळले तिची परीक्षा, आणि परीक्षक कोण, तर ज्यांना एक ओळ येत नाही अशा बायका. मी हे बोलून दाखवलं तर कुंदाताईने मला चहा दिला आणि गप्प बसवलं.

भावकीतल्या बायका जमल्या. कुंदाताईने सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला सूर गेला. नुसता गेला नाही, दार आपटून गेला. कोपऱ्यातून एक फिस्सकन हसली, मग दुसरी. प्राची उठली आणि म्हणाली, हसणाऱ्यांनी घरी जा. कुंदाताईने हाताने तिला खाली बसवलं. तिचा चेहरा मी बघत होते. लाज नव्हती त्यावर, कुतूहल होतं. ती त्या हसणाऱ्या बाईजवळ सरकून म्हणाली, "परत हस गो."

बाई चहाचे कप गोळा करायला लागली.

नंतर दुकानात तिने मला सांगितलं. आयुष्यभर हसणारे चेहरे बघितले, आवाज कधी ऐकला नव्हता. वाटायचं, सगळं गाव हसतं म्हणजे केवढा गडगडाट होत असेल. "आज ऐकलं. सुपातनं चार दाने सांडले तवरंच की. मी येवऱ्याला भ्यायची."

आणि ती भ्यायची थांबली. मी पुढचे दोन महिने बघत होते. यंत्राला सुरांचं फारसं कळत नाही हे तपासनीस आधीच सांगून बसलेली. सिनेमाची गाणी तिला अजूनही खडखड वाटतात. पण धवल्याची चाल दोन-तीन सुरांच्या अंगणातच फिरते. उड्या नाहीत, ताना नाहीत. सरळ चालायचं, ओळीच्या शेवटी जरा खाली उतरायचं, आणि उतरल्यावर बायकांसाठी थांबायचं. हिराबायने लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात उचलला की वर, दाबला की खाली. आईच्या हाताने आणि यंत्राने मिळून तो सूर बसवला. भावकीतल्या चार जणी रोज परतीची ओळ द्यायला यायला लागल्या. त्यात ती हसणारीही होती.

हिराबायने शेवटचा शब्द टाकला. वसंतदादाला समोर बसवून म्हणाली, "बाजूच्या पोरींची जीभ शालंन गेली. धवला म्हनतात तं वाटतं पुस्तक वाचतान. माज्या जिभंचा धवला हिच्याच जिभंवर हाय. हिला बसवायची नसंल, तं मना पन मांडवान आनू नको."

दादाने मान डोलावली, पण डीजेला काही सांगितलं नाही. त्याच्या मनात धवलाही होता आणि डीजेही.

हळदीच्या दिवशी, ऊन उतरताना, मांडव भरलेला. मधोमध पाटावर प्राची, तिच्यासमोर दुसऱ्या पाटावर कुंदाताई, हिरवी साडी, कपाळभर कुंकू. अविवाहित बाईने कपाळभर कुंकू लावावं का यावर कुणीतरी कुजबुजलंच. ते तिने ओठांवरून वाचलं असणार, कारण तिने आणखी थोडं लावून घेतलं. बाजूला खुर्चीत हिराबाय. हळदीची वाटी फिरली. कुंदाताईने पहिली ओळ घेतली.

मी काही गाण्यातली जाणकार नाही. पण मांडवातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ते शब्द, ती बोली, ओळीअखेरचं ते उतरणं त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकलेलं नव्हतं. परतीची ओळ आधी चौघींनी दिली, दुसऱ्या वेळी दहा-बारा जणींनी, तिसऱ्या वेळी अर्ध्या मांडवाने. वसंतदादा खांबाला टेकून उभा होता. त्याच्या तोंडावरचा ताण सैल होताना मी बघितला.

आणि डीजे सुरू झाला.

कुणी सांगितलं, का सांगितलं, कळलं नाही. मांडवाबाहेर माणूसभर उंचीचे डबे, त्यातून एकदम असा दणका की वाटीतली हळद हलली. परतीची ओळ जागच्या जागी मेली. बायकांची तोंडं हलत होती, आवाज शून्य. वहिनी हाताने थांबा थांबा करत होती. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, आणि मी काही हळू ओरडत नव्हते.

कुंदाताईने डोळे बारीक केले. तिच्या यंत्रात त्या वेळी काय झालं असेल याची मला कल्पना होती, चिखल, नुसता चिखल. तिने कानामागून यंत्र काढलं, हात लांब केला आणि चकती मांडवाच्या लोखंडी खांबाला चिकटवली.

मला वाटलं, संपलं. ही उठणार.

ती उठली नाही. पाटावर सरळ बसली, उजवा हात गुडघ्यावरून उचलला आणि पुढची ओळ घेतली. आत तिला पूर्ण शांतता होती, तीस वर्षांची ओळखीची शांतता. तिच्या ओठांवर ओळ अगदी स्वच्छ होती, हात वर, हात खाली, आणि शेवटी बायकांकडे उघडलेला तळवा. त्या चार जणींनी तिच्या तोंडाकडे बघून ओळ परत दिली. मग बाकीच्यांनी. कुणाला कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, सगळ्यांचे डोळे तिच्या ओठांवर. त्या मांडवात त्या वेळी सगळेच बहिरे होते. सवय फक्त एकीला होती.

तिने आम्हाला दोन धवले असे नेले. ओळ कुठे चुकली नाही. हिराबाय खुर्चीत बसून हाताने ताल धरत होती. प्राचीच्या गालाला बायका हळद लावत होत्या आणि ज्यांना धवल्याचा एक शब्द येत नव्हता त्या पोरीही ओठ वाचून म्हणत होत्या.

वसंतदादा खांबापासून निघाला तो थेट बाहेर गेला. चारशे लोकांसमोर, पाव्हण्यांसमोर, त्याने स्वतःच्या हाताने वायर उपसली. डीजेवाला म्हणाला, "दादा, ऑर्डर तुमचीच आहे." दादा म्हणाला, "माझीच आहे. बंद."

दणका थांबला, आणि त्याच्या खालून बायकांचा आवाज वर आला. अर्ध्या ओळीतून, सगळ्यांचा एकत्र. आम्हीच दचकलो. इतका वेळ आम्ही इतक्या मोठ्याने म्हणत होतो हे आम्हालाही माहीत नव्हतं.

कुंदाताईला काहीच कळलेलं नव्हतं. ती पुढची ओळ घेतच होती. प्राची पाटावरून वाकली, हळदीच्या हाताने खांबावरची चकती काढली, यंत्र आत्याच्या कानामागे अडकवलं आणि चकती तिच्या डोक्याला लावली. कुंदाताईची ओळ तेवढ्यात संपली. तिने तळवा उघडला.

मांडवाने ओळ परत दिली.

ती ऐकत राहिली. पुढची ओळ घ्यायला तिने जरा उशीरच केला. धवलारणीने इतका उशीर करायचा नसतो. हिराबायने खुर्चीतून हात लांब करून तिच्या गुडघ्यावर चापट मारली, आणि ती पुन्हा सुरू झाली.

चकतीवरचा हळदीचा डाग गेला नाही. तिने घालवलाच नसेल.

त्यानंतर दुकानाच्या शटरवर एक पाटी आली, 'धवल्याला गेले आहे'. सुरुवातीला महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून दोनदा. दिवा स्टेशनपासून खडवलीपर्यंतची बोलावणी येतात. हळदीत बसवायच्या आधी तिची एकच अट असते, मी पाटावर असेपर्यंत डीजे बंद. लोक ऐकतात. न ऐकले तर मांडवाला खांब असतोच, हे आता सगळ्यांना कळलंय.

मागच्या आठवड्यात नवीन पत्रक दाखवायला कोपरला उतरले. शटरवर पाटी. वळले तर रिक्षास्टँडवर ती रिक्षात बसलेली, हिरवी साडी, कपाळभर कुंकू, मांडीवर पिशवी. रिक्षावाल्याने गाणं मोठ्याने लावलेलं. मी रस्त्यापलीकडून हाक मारली, "कुंदाताई." मग आणखी मोठ्याने. तिने मान वळवली नाही. रिक्षा निघाली, माझ्यासमोरून गेली, तेव्हा दिसलं. तिच्या डोक्यावर चकती नव्हती. समोरच्या लोखंडी दांडीला चिकटलेली, पिवळट डागाची, यंत्र खाली लोंबत हलतंय. डोळे मिटलेले, ओठ चाललेले, आणि गुडघ्यावरचा उजवा हात वर गेला, खाली आला, आणि तळवा उघडून थांबला.